समृद्धी महामार्गाने मुंबई ते ताडोबा, आई-बाबा आणि पोरांना घेऊन: रस्ता, पेंच, सफारी आणि गाईड, सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, बाकीचं मग. मुंबईहून स्वतःच्या गाडीने विदर्भातल्या जंगलात जाणं आता खरंच जमण्यासारखं झालंय, सत्तरीतली माणसं आणि शाळकरी पोरं बरोबर असली तरी जमतं, फक्त वाटेत मुक्काम करत जा. आणि सगळ्यात जास्त पैसे कुठे वसूल झाले विचाराल तर ताडोबाच्या मोहर्ली गेटवर आमच्या जिप्सीत चढलेल्या गाईड ताईकडे. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंय म्हणूनच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला, पण तिथपर्यंत पोचायच्या आधी रस्ता आहे, म्हणून रस्त्यापासून.

आम्ही सहा जण. मी, नवरा, माझे आई-बाबा, मोठी सातवीत आणि धाकटा दुसरीत. राहायला मुलुंडला, गाडी घरची सात सीटर. नाताळच्या सुट्टीत निघालो. रूट असा की पहिला मुक्काम संभाजीनगरला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, मग नागपूरला नवऱ्याच्या हॉस्टेलच्या रूममेटकडे, तिथून पेंच, मग चंद्रपूरला बाबांच्या जुन्या ऑफिसमधल्या काकांकडे, मग ताडोबा, आणि येताना सेवाग्राम करून घरी. मित्रांच्या घरी उतरत उतरत जायचं हे आईचं म्हणणं होतं, हॉटेलच्या खोल्यांमध्ये कोंडून घ्यायला मी येणार नाही असं तिने आधीच सांगितलेलं, आणि हा निर्णय इतका बरोबर ठरला की आता कुणीही विचारलं तर मी पहिलं हेच सांगते, की नकाशावर आधी मित्र शोधा आणि मग हॉटेलं.

आता समृद्धी. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पण मुंबईकरांना त्याचा पूर्ण उपयोग ५ जून २०२५ पासून, कारण त्या दिवशी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा उघडला आणि ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता जोडला गेला. या शेवटच्या तुकड्यात इगतपुरीजवळ जुळे बोगदे आहेत, पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लांब, आणि ज्यांनी कसारा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरवर रखडत आयुष्य काढलंय त्यांनी एकदा या बोगद्यातून जाऊन बघाच. बाबा नोकरीत असताना नाशिकला सारखे जायचे, बोगद्यातून बाहेर आल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, म्हणजे घाट संपला? दोनदा विचारलं.

मुंबईतून सगळ्यात जास्त वैताग समृद्धीला लागेपर्यंतच आहे. आमणे भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाण्यातून माजिवडा, भिवंडी बायपास, वडपे करत तिथे पोचायचं, आणि हा पट्टा दिवसा ट्रक-कंटेनरने भरलेला असतो. आम्ही पहाटे चारच्या सुमाराला घर सोडलं म्हणून सुटलो. सात वाजता निघालात तर जो वेळ पुढे वाचणार आहे तो इथेच जाईल.

रस्ता स्वतः उत्तम आहे. मैदानी भागात कारला १२० ची मर्यादा, घाटात १००, दुचाकी आणि रिक्षाला प्रवेश नाही, मधे सिग्नल नाही, गावं आडवी येत नाहीत, टोल फास्टॅगने उतरताना कापतो, पूर्ण रस्त्याचा कारसाठी दीड हजाराच्या आतबाहेर. पण तो सरळ आहे, फार सरळ आहे, आणि तासन्‌तास समोर तेच काँक्रीट आणि तीच रेलिंग बघून डोळ्यावर झापड येते, झोप झालेली असली तरी येते. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, ते आठवत होतं म्हणून आम्ही नियमच केला होता की दीड तास झाला की चालवणारा बदलायचा, दमलो असू नसू बदलायचा, आणि क्रूझ कंट्रोल लावायचाच नाही. निघायच्या आधी टायर दाखवून घ्या. नुसती हवा नाही, टायर किती जुना आहे ते बघा, कडेला तडे गेलेत का बघा, काँक्रीटवर त्या वेगात सलग चालवलं की टायर तापतात आणि जुना टायर तिथेच दगा देतो. नवऱ्याने पुढचे दोन टायर नवीन घातले, खर्च झाला, पण आई-बाबा मागे बसलेले असताना जी शांतता मिळाली तिचे ते पैसे.

खाण्यापिण्याची आणि टॉयलेटची सोय अजून सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी पंपाला लागून नवीन चकाचक टॉयलेट आहेत आणि काही ठिकाणी असं होतं की आई दारातून परत आली. एका पंपावर तर पाणीच नव्हतं आणि कुणाला सांगायचं तर माणूसही जागेवर नव्हता. सत्तरीच्या बाईला पुढचा पंप चाळीस किलोमीटरवर आहे असं सांगणं किती वाईट वाटतं ते मी तिथे अनुभवलं, एवढा मोठा रस्ता बांधला तर ही गोष्ट आधी व्हायला हवी होती, यात मला काहीही सूट द्यावीशी वाटत नाही. जेवणाचं मात्र आम्ही त्या रस्त्यावर सोडलंच नव्हतं, आईने दशम्या, धपाटे, तिळाची चटणी आणि गुळपोळ्या बांधून घेतल्या होत्या, त्या नागपूरपर्यंत पुरल्या.

संभाजीनगर. माळीवाडा इंटरचेंजला उतरलो की वेरूळ तिथून जवळ, म्हणून मैत्रिणीच्या घरी जायच्या आधी सरळ लेण्यांवर गेलो. वेरूळ मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, लोक येऊन परत जातात. ३४ लेणी आहेत, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सगळी करायच्या नादी लागू नका, १६ नंबरचं कैलास आणि १० नंबरचं विश्वकर्मा, ज्याला तिथले लोक सुताराचं झोपडं म्हणतात, एवढं नीट बघा. कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, डोंगर वरून खाली खोदत आणलाय. धाकट्याने विचारलं, चुकलं असतं तर? तिथला गाईड म्हणाला, म्हणूनच चुकले नाहीत. मोठीला घेऊन मी बाजूच्या टेकाडावर चढून कैलास वरून पाहिलं, ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी हे करावंच, खालून कळत नाही की हे सगळं एकाच दगडातून मोकळं केलेलं आहे.

रात्री मैत्रिणीच्या सासूबाईंनी येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा केला होता, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. आई आणि त्या दोघी रात्री साडेअकरापर्यंत गप्पा मारत बसल्या, दोघींची आधी ओळखसुद्धा नव्हती. पोरं पोरांमध्ये रमली. एका मुक्कामाचं हॉटेलचं भाडं वाचलं हा भाग आहेच, पण मुंबईत आम्ही दोघी मैत्रिणी फोनवर सुद्धा धड बोलत नाही इतके दिवस जातात, ते सगळं त्या एका संध्याकाळी भरून निघालं.

पुढच्या टप्प्यात मेहकरला उतरून लोणार केलं. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, साधारण पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं, पाणी खारट, २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. आम्ही फक्त काठावरून बघितलं आणि दैत्यसूदनाचं देऊळ केलं, आई-बाबांना खाली उतरवायचा प्रश्नच नव्हता. तासाभरात होतं, वाकडी वाट वर्थ आहे.

नागपूरला मित्राकडे पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी त्याने सगळ्यांना तर्री पोहे खायला नेलं, पोह्यांवर चण्याची लाल तर्री ओततात, आमच्या धाकट्याला तिखट सोसत नाही म्हणून त्याला नुसते पोहे आणि जिलबी. मग दीक्षाभूमी. बाबांना कित्येक वर्षं जायचं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती जागा, आत तो प्रचंड पोकळ घुमट, थंडगार फरशी, आणि बाबा एका कोपऱ्यात बराच वेळ नुसते बसले. आम्ही त्यांना उठवलं नाही. नागपूरला लोक निव्वळ रात्रीच्या झोपेपुरतं थांबतात आणि सकाळी जंगलाकडे पळतात, तसं करू नका, अर्धा दिवस तरी द्या.

पेंचला जाताना एनएच ४४. मनसर ओलांडून खवासाच्या दिशेने गेलं की रस्ता मधे मधे वर उचललेला दिसतो, खाली जंगल तसंच सोडलंय. प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून या पट्ट्यात नऊ पूल आणि भुयारी वाटा बांधल्यात, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची, आणि वाघ, रानकुत्री, गवे त्याखालून ये-जा करतात हे कॅमेऱ्यांनी टिपलंय. यासाठी कोर्टात भांडावं लागलं होतं, आपोआप झालेलं नाही. मी पोरांना गाडी चालू असतानाच सांगितलं की आत्ता आपल्या खालून कदाचित कुणीतरी जात असेल, मग दोघं काचेला नाक लावून बसले. रेलिंग आणि झाडं सोडून काही दिसत नाही, तरी बसले.

खुर्सापार गेटची दुपारची सफारी केली. सागाचं जंगल, मोकळं मोकळं, चितळं भरपूर, एक बिबट्या दोन सेकंद, आणि रानकुत्र्यांची टोळी रस्त्यातच लोळत पडलेली. गाईड पोरगा तरुण, बोलका, पण त्याचं सगळं लक्ष दुसऱ्या जिप्सी कुठे पळतायत तिकडे, एक जिप्सी वेगात गेली की आम्ही मागे. ती सफारी वाईट नव्हती, पण धावपळीची झाली, आईची पाठ धरली. इथून एक गोष्ट शिकून पुढे वापरली: जिप्सीत सहा जण बसतात, मागची रांग सगळ्यात जास्त आदळते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना पुढच्या रांगेत बसवा आणि पोरांना मागे. पाठीला लावायला छोटी उशी न्या. आणि चार कपडे जास्त न्या, डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत विदर्भाची थंडी हाडात शिरते, मुंबईचा स्वेटर तिथे काही कामाचा नाही, कानटोपी, मफलर, हातमोजे आणि वर ब्लँकेट असं सगळं लागतं.

मुक्काम सिल्लारीच्या बाजूला ठेवला, आकाशासाठी. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, भारतातलं पहिलं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले लावलेत, उजेड वर जाऊ नये म्हणून. मुलुंडला आमच्या गच्चीवरून मोजून पाच-सहा तारे दिसतात. इथे मोठीने मृग नक्षत्र स्वतः शोधून काढलं, त्यातला बाण सुद्धा, आणि मग आजोबांनी तिला कृत्तिका दाखवल्या, त्यांच्या लहानपणी कोकणात अंगणात झोपायचे तेव्हापासून त्यांना पाठ आहेत. अमावास्येच्या आसपास जाता आलं तर तेच बघा, चंद्र असला की अर्धी मजा जाते.

याच भागात एका रिसॉर्टवर रात्री डीजे चालू होता. नाव लिहीत नाही. जंगलाच्या कडेला, अभयारण्यातल्या प्राण्यांना ऐकू जाईल अशा अंतरावर, थर्टी फर्स्टच्या आधीच पार्टी सुरू. माणसं एवढा प्रवास करून येतात कशासाठी हे मला कळलं नाही आणि राग आला तो अजून गेलेला नाही. बुकिंग करताना फोन करून स्पष्ट विचारा की रात्री म्युझिक असतं का, आणि हो म्हणाले तर सोडून द्या.

चंद्रपूरला जाताना वाटेत वरोऱ्याला आनंदवन. तिथल्या विणकामाच्या चादरी आणि टॉवेल आईने घेतले. चंद्रपूर शहराला गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे, जटपुरा गेटमधून अजूनही रोजची वाहतूक जाते, काकांचं घर तिथून जवळच. काकांनी रात्री जेवताना सांगितलेलं एक वाक्य पुढे सारखं आठवत राहिलं, की तुम्ही मुंबईचे वाघ बघायला इकडे येता आणि आमच्याकडची माणसं वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडून मोहाला जातात. खरंच आहे ते. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं या जिल्ह्यात दरवर्षी मरतात.

आता ताडोबा. १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं पहिलं, १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, साधारण ६२५ चौरस किलोमीटर, भोवती त्याहून मोठा बफर, म्हणजे बाहेरचा पट्टा. मंगळवारी बंद. पावसाळ्यात कोअर बंद. बुकिंग ऑनलाइन, सुट्टीतलं असेल तर कित्येक महिने आधी, शनिवार-रविवारचे आणि सणासुदीचे दर जास्त, आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलंय तेच गेटवर दाखवायचं, फोटो नाही, मूळ कार्ड. मोबाईल कोअरमध्ये नेता येत नाही. मोठी यावर आधी फुरंगटली होती आणि संध्याकाळी तिनेच सांगितलं की बरं झालं.

मोहर्ली गेटवर पहाटे रांगेत उभे असताना आमच्या गाडीला गाईड म्हणून एक ताई आली. खाकी शर्ट, डोक्याला स्कार्फ, तिशीतली असेल. ताडोबात गाईड आणि जिप्सीचालक आजूबाजूच्या गावांतलेच असतात, त्यात बायकाही आहेत. तिने चढल्या चढल्या पहिलं काम केलं ते म्हणजे आईला विचारलं, आजी, पाठ दुखते का तुमची, आणि चालकाला सांगितलं की खड्ड्यावर हळू घेजो. मग धाकट्याला म्हणाली, वाघ पाहाले आला ना, मंग आधी कान उघडे ठेव. आणि खरंच, पहिला अर्धा तास तिने काही दाखवलंच नाही, फक्त ऐकायला लावलं. हे चितळ ओरडलं, चितळ उगाच पण ओरडतं. हे वानर, ते झाडावर उंच बसून एकाच बाजूला बघत खोकल्यासारखं ओरडत राहिलं तर थांबायचं. आणि सांबर ओरडलं तर समजायचं की काहीतरी आहेच, सांबर सहसा खोटं बोलत नाही. पोरांनी तो दिवसभर खेळच करून टाकला.

झाडं दाखवली तिने. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी साल, अर्जुनाच्या बुंध्यावर वाघाने ओढलेल्या नखांच्या रेघा, पांढरीफटक कांडोळ. जामणीचं मोठं गवताळ मैदान आलं, तिथे गवे चरत होते, आणि ती म्हणाली हे गाव होतं, लोकांना बाहेर वसवलं, ते बघा, आंब्याची झाडं अजून आहेत तिथे घरांच्या रांगेत. बाबांनी विचारलं की लोकांना बरं झालं की वाईट, तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, पोरांच्या शाळेचं बरं झालं, म्हाताऱ्यांचं नाही. इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही माहितीफलकावर वाचायला मिळालं नसतं.

तळ्यावर मगर उन्हात पडलेली. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली तारू देवाचं ठाणं आहे, गोंड लोक मानतात की तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरून. पौषाच्या सुमाराला तिथे आदिवासींची जत्रा भरते. ताईने गाडीतूनच हात जोडले, आईनेही जोडले.

त्या सकाळी वाघ दिसला नाही. परत येताना बोरीच्या झुडपांत एक अस्वल दिसलं, वारूळ उकरत होतं, तोंड आत घालून एवढ्या मोठ्याने श्वास ओढत होतं की आम्हाला गाडीत ऐकू आलं. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो, दुसऱ्या जिप्सी नुसतं बघून पुढे जात होत्या कारण पुढे कुठेतरी प्राण्यांचा इशाऱ्याचा कॉल ऐकू आला होता. ताईने विचारलं, जायचं का? आम्ही नको म्हणालो. तिला आनंद झालेला दिसला.

आम्ही मुद्दाम बफरची सफारी पण ठेवली होती, आगरझरीची, दुपारची. लोकांना वाटतं बफर म्हणजे दुय्यम, कोअरचं मिळालं नाही म्हणून घ्यायचं. अजिबात नाही. बुकिंग सहज मिळतं, पैसे कमी, गर्दी कमी, आणि वाघाला कोअर-बफर कळत नाही. नशिबाने तीच ताई परत मिळाली. उन्हं कलताना एका बोडीच्या काठावर, बोडी म्हणजे तिकडचं छोटं तळं, वाघीण बसलेली होती. मागचे पाय पाण्यात, तोंड आमच्याकडे नाही. चालकाने गाडी आणखी पुढे घ्यायला सुरुवात केली तशी ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बस, इथंच, इंजिन बंद. मागून दोन जिप्सी आल्या, त्यातली माणसं हातवारे करून पुढे सरका म्हणत होती, तिने त्यांच्याकडे बघून नुसतं बोट तोंडावर ठेवलं. लांब होती वाघीण, दुर्बिणीतून नीट दिसत होती, साध्या डोळ्यांना पिवळा ठिपका. धाकटा माझ्या मांडीवर चढून इतका स्थिर बसला की त्याचं हृदय धडधडताना मला कळत होतं. मग ती उठली, अंग झाडलं, आणि गवतात गेली. तिला जायला वाट मोकळी होती, कारण आमच्या ताईने ती मोकळी ठेवली होती.

हे मी एवढं ठासून का लिहितेय तर २०२४ च्या शेवटी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला वाघीण आणि तिच्या बछड्यांना दोन्हीकडून जिप्सींनी कोंडलं होतं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. पण गाड्या पुढे घ्या असा हट्ट आपण पर्यटकच करतो, पैसे दिलेत म्हणून, आणि टीपच्या आशेने कुणी ऐकलं की अडकतो तो गावातला पोरगा. गाईड थांबा म्हणाला तर थांबा. आणि टीप द्यायची असेल तर वाघ दिसला नाही त्या दिवशी द्या, आम्ही त्या पहिल्या सकाळीच दिली, दुपारी ती परत मिळणार आहे हे माहीत नसताना.

संध्याकाळी गेटवर चहा पिताना ती तिच्या गावाबद्दल बोलली. घरामागे शेत, रात्री राखणीला जावं लागतं, रानडुकरं आणि कधीमधी वाघ. भीती वाटते का विचारलं तर म्हणाली, वाटते ना जी, पण तोच पोट भरते आमचं. सफारीच्या पैशातला वाटा गावांच्या परिसर विकास समित्यांकडे जातो, त्यातून गॅस, सोलर कुंपण अशी कामं होतात, म्हणून वनखात्याच्या अधिकृत बुकिंगनेच जा आणि राहताना गावातल्या होमस्टेचा विचार करा. आम्ही मोहर्लीत एका घरगुती होमस्टेवर राहिलो, दोन खोल्या, गरम पाणी बंबातलं, स्वच्छ, आणि जेवण अंगणात.

येताना सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. बापू कुटीत शेणाने सारवलेली जमीन, बसकी छपरं, आणि पोरांना सगळ्यात आवडल्या दोन वस्तू: टेलिफोन, आणि साप न मारता पकडून लांब सोडायला ठेवलेला चिमटा आणि पेटी. जंगलातून आल्या आल्या ते बघितलं म्हणून असेल, मोठीने त्या चिमट्याचं चित्र काढून घेतलं वहीत. वर्ध्यातून गोरसपाक घ्यायला विसरू नका, प्रवासात टिकतो.

वर्ध्याहून समृद्धी पकडून मुंबई हा पल्ला मोठा आहे, परत येताना मधे एक मुक्काम करावाच, आम्ही मैत्रिणीकडेच पुन्हा उतरलो आणि यावेळी तिच्या सासूबाईंना आनंदवनातली चादर दिली.

कुणी जाणार असेल तर एवढंच अजून. पहिली सफारी दुपारची घ्या, लांबचा प्रवास करून पोचल्यावर दुसऱ्या पहाटे चारला पोरांना उठवणं त्यांच्यावर अन्याय आहे. दुर्बीण कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची, एक तरी बरी दुर्बीण न्या. मोहर्लीत राहणार असाल तर आदल्या रात्री सांगून ठेवा, पहाटे सफारीला जाताना घरातल्या काकू पोह्यांचा डबा आणि थर्मासमध्ये चहा भरून देतात, त्याचे वेगळे पैसे त्या मागत नाहीत, तुम्ही आठवणीने द्या.